सॅम्पल द्यायचं की नाही? वाचक विचारतात, ताई सांगतात

दिवाळीनंतरच्या अंकात नुसता विसरभोळेपणा आणि डिमेन्शिया यातला फरक लिहिला होता, तर त्यावर पत्रं आली ती भलत्याच विषयाची. संशोधनवाले रक्त मागतायत, पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव, मागतायत, देऊ का, हा प्रश्न निम्म्या पत्रांत. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. एकतीस वर्षं लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून ट्यूबा हाताळल्या, आणि घरात सासूबाईंचा डिमेन्शिया सात वर्षं काढला, त्या दोन्हीतनं जे कळलं ते लिहिते. औषधोपचाराचं मला विचारू नका, ते तुमच्या डॉक्टरांना.

आई ७१ वर्षांची आहे. वर्षभरापासून गॅस चालू ठेवून विसरते, भाजीवाल्याला दोनदा पैसे देते. न्यूरोलॉजिस्टकडे दाखवलं तर तिथे संशोधनासाठी रक्त आणि पाठीतलं पाणी द्याल का असं विचारलं. मावशी म्हणते पाठीत सुई घातली की माणूस लुळा पडतो. वर त्याचा रिपोर्टही देणार नाहीत म्हणे. मग द्यायचं कशाला? (इंदिरानगर)

मावशींना एक विचारा, तुमच्या घरात सिझेरियन कुणाकुणाची झाली? त्यातल्या बहुतेकांना कमरेत इंजेक्शन दिलेलं असतं ना, तर ही सुई साधारण त्याच जागी जाते. मज्जारज्जू म्हणजे मुख्य दोर मोठ्या माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो, सुई घालतात ती त्याच्या खाली, तिसरा-चौथा किंवा चौथा-पाचवा मणका यांच्या फटीत. तिथे फक्त नसांचे धागे पाण्यात तरंगत असतात, पातेल्यातल्या शेवयांसारखे, सुई आली की बाजूला सरकतात. लुळं पडण्याची भीती आपल्याकडे इतकी खोल बसलीय की त्यापायी मेंदूज्वराच्या पेशंटचंसुद्धा पाणी काढू न देणारे नातेवाईक मी पाहिलेत.

पाणी किती काढतात म्हणाल तर बहुतेक १० ते २० मिली. अंगात एका वेळी ते साधारण १५० मिली असतं आणि शरीर दिवसाला ५०० मिलीच्या आसपास नवीन बनवतं, म्हणजे काढलेलं तासाभरात भरून निघतं. त्रास होतो तो डोकेदुखीचा. उठून बसलं की डोकं ठणकतं, आडवं झालं की थांबतं, काहींना दोन-चार दिवस राहतं. आता टोक बोथट असलेली बारीक सुई मिळते, तिच्यानं हे बरंच कमी होतं, तेव्हा कुठली सुई वापरणार हे बिनधास्त विचारा, आपल्याला कळत नाही म्हणून गप्प बसायचं नाही. आणि आईंना रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, किंवा पूर्वी कधी मणक्याचं ऑपरेशन झालं असेल तर ते स्वतःहून सांगा, पन्नास पानांच्या फाइलीत ते कुणी शोधत बसत नाही.

आता रिपोर्टचं. तुमचा राग मला समजतो, पण गोष्ट अशी आहे की डिमेन्शियाचे हे जे बायोमार्कर म्हणतात, म्हणजे आजाराच्या रक्तातल्या-पाण्यातल्या खुणा, अमायलॉइड आणि टाऊ ही मेंदूत साचणारी प्रथिनं, नर्व्ह झिजली की रक्तात सापडणारं न्यूरोफिलामेंट, हे संशोधनात लगेच तपासतच नाहीत. शेकडो लोकांची सॅम्पलं उणे ८० डिग्रीला ठेवतात आणि मग एकदम एका बॅचमध्ये, कधी दोन-तीन वर्षांनी, चालवतात. शिवाय एकट्या माणसाच्या आकड्याचा अर्थ लावणं अवघड. टाऊचाच एक प्रकार मोजणारी पी-टाऊ २१७ नावाची रक्ताची टेस्ट खूप गाजतेय, मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं-तपासण्या मंजूर करणाऱ्या सरकारी संस्थेनं, त्या टाऊ आणि अमायलॉइडचं गुणोत्तर काढणारी पहिली रक्ततपासणी मंजूर केली, तीसुद्धा ५५ च्या पुढचे आणि लक्षणं असलेले यांच्यासाठी. पण किडनी कमजोर असली तरी पी-टाऊ वाढलेला दिसतो, आणि आपल्याकडे साठीनंतर शुगर-बीपीनं किडनी थकलेली माणसं घरोघरी. नॉर्मल किती हे ठरवणारे आकडे आले कुठनं, तर जास्त करून युरोप-अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांच्या रक्तातनं. तुमच्या आईंचं सॅम्पल हवंय ते यासाठी.

म्हणून द्यायचं कशाला याचं उत्तर असं की आईंना त्याचा लगेच काही उपयोग नाही, हे धरूनच द्या. तपासणी म्हणून देणार असाल तर देऊ नका, नंतर फसल्यासारखं वाटतं. आणि एक करा, बी-१२ आणि थायरॉइड झालंय का बघा, ते संशोधनात नाही, साध्या उपचारात येतं. या दोन्हीमुळे होणारा विसराळूपणा औषधानं सुधारू शकतो आणि आपल्या शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं नवीन नाही. पाणी द्यायला मन होत नसेल तर नुसतं रक्त देऊन पाण्याला नाही म्हणता येतं, फॉर्मवर वेगवेगळ्या खुणा असतात. नाही म्हटलं म्हणून डॉक्टर उपचारात हात आखडता घेऊ शकत नाहीत, तसा नियमच आहे.

मी द्राक्ष बागायतदार. गावात स्मरणशक्तीचं शिबिर झालं, वडिलांनी सकाळी रक्त दिलं. पंधरा दिवसांनी फोन, सॅम्पल खराब झालं, परत द्या. म्हाताऱ्या माणसाला दोनदा टोचायचं म्हणजे थट्टा आहे का? रक्त काय दूध आहे नासायला? (निफाड तालुका)

दादा, रक्त दुधापेक्षा लवकर नासतं, आणि हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळायला पाहिजे! द्राक्ष तोडली की किती वेळात प्रीकूलिंगला जायला हवी? दुपारी उन्हात ट्रॅक्टरवर क्रेट राहिले तर देठ काळं पडतं, मग कोल्ड स्टोरेज कितीही भारी असू दे, गेलेलं देठ हिरवं होत नाही. इथे तेच.

रक्त जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये घेतात, त्यात ईडीटीए असतं म्हणून ते गोठत नाही. घेतल्यावर ट्यूब हळूच आठ-दहा वेळा उलटीपालटी करायची, जोरात हलवायची नाही, तशी हलवली की लाल पेशी फुटतात आणि वरचं पाणी गुलाबी होतं, ते सॅम्पल बहुतेक टेस्टना बाद. मग तास-दोन तासांत सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून वरचा पिवळसर प्लाझ्मा वेगळा काढायचा, छोट्या छोट्या कुप्यांमध्ये पाव-अर्धा मिली भरायचा, आणि उणे ८० ला टाकायचा. छोट्या कुप्या का, तर एकदा वितळवून परत गोठवलं की आतली प्रथिनं मोडायला लागतात, म्हणून एका टेस्टला एक कुपी काढायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही. यात सगळ्यात नाजूक अमायलॉइड. खोलीच्या तापमानात रक्त पडून राहिलं की त्याचा आकडा खाली येतो, आणि अल्झायमरमध्ये, डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार तो, त्यात पण अमायलॉइड ४२ हा त्यातला प्रकार खालीच येतो! म्हणजे शिबिराच्या टेबलावर ट्यूब दुपारपर्यंत राहिली तर चांगल्या माणसाचा आकडा आजाऱ्यासारखा दिसायचा. पी-टाऊ तुलनेनं टणक आहे, तो लगेच दगा देत नाही.

पाठीतल्या पाण्याची गंमत तर अजून वेगळी. अमायलॉइड चिकट असतं, काचेला आणि साध्या प्लॅस्टिकच्या भिंतीला चिकटून बसतं, म्हणून पॉलिप्रॉपिलीनचीच ट्यूब लागते आणि एका ट्यूबमधनं दुसरीत, दुसरीतनं तिसरीत असं ओतत बसायचं नाही, दर ओतण्यात थोडं भिंतीला राहून जातं. आपण भांड्यातनं तूप ओततो तसं. वर्षानुवर्षं एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबशी जुळत नव्हता त्यात या ट्यूबांचा मोठा वाटा निघाला.

तेव्हा तुमच्या वडिलांचं सॅम्पल खराब झालं हे कुणीतरी बघितलं, लिहिलं आणि कळवलं, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. न कळवता तसंच वापरणारे जास्त घातक. पण तुमची तक्रारही खरी आहे. शिबिराला सेंट्रीफ्यूज का नव्हतं? थर्माकोलच्या खोक्यात किती वेळ होतं? परत बोलावलं तर हे विचारा, सरळ घड्याळ लावून विचारा. २०१० ला सीसीसी या द्राक्षावर मारायच्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात आपले कंटेनर अडकले, तेव्हापासून रेसिड्यूचं सॅम्पल कुणी काढलं, कधी काढलं, सील कुणी केलं हे तुम्ही विचारताच की. वडिलांच्या रक्ताला तेवढं विचारायला काय हरकत आहे? आणि पटलं नाही तर दुसऱ्यांदा द्यायचं कंपल्शन अजिबात नाही.

सॅम्पल परदेशात विकतात असं ऐकलं. फॉर्मवर लिहिलंय की "भविष्यातील संशोधनासाठी इतर संस्थांना देण्यात येईल". हे म्हणजे कोऱ्या चेकवर सही नाही का? मी प्रेसमधनं रिटायर्ड आहे, एक कागद इकडचा तिकडे झाला तर काय होतं मला माहितीय. (नाशिकरोड)

नोटांच्या प्रेसमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला हिशेब शिकवायची माझी हिंमत नाही, पण तुमच्या कामाचंच उदाहरण घेते. सॅम्पलवर नाव नसतं, कोड असतो. कोड कुणाचा याची यादी वेगळ्या जागी कुलपात. ज्याच्या हातात ट्यूब त्याच्या हातात यादी नको, एवढं साधं तत्त्व आहे.

वाटून का घेतात हे मात्र समजून घ्या. डिमेन्शियाचं उत्तर एका शहरातल्या दोनशे माणसांत सापडत नाही. अमेरिकेत २००४ ला एडीएनआय नावाचा अभ्यास सुरू झाला, त्यांनी पहिल्यापासून ठरवलं की स्कॅन आणि आकडे जगातल्या कुठल्याही संशोधकाला अर्ज केला की द्यायचे, आणि आज वापरात असलेल्या कितीतरी टेस्ट त्या माहितीवर घासून-पुसून तयार झाल्यात. आपल्याकडे दिल्लीच्या एम्सनं अमेरिकेतल्या विद्यापीठाबरोबर लासी-डॅड नावाचा अभ्यास केला, साठीपुढचे ४ हजारांवर लोक, राज्याराज्यांतले, त्यात रक्तही घेतलं, आणि त्यातनंच तो आकडा आला जो हल्ली सगळे सांगतात, की ६० वरच्यांत ७.४ टक्के म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. बंगलोरच्या आयआयएससीतलं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरा तालुक्यात, आंब्याचा पट्टा आहे तो, खेड्यातल्या ४५ च्या पुढच्या लोकांना वर्षानुवर्षं तपासतंय. तिथली माणसं काही आपल्यापेक्षा वेगळी नाहीत, शेती, शुगर, गुडघे, सगळं तेच.

यात एक भेद ध्यानात ठेवा. आकडे कितीही जणांना दिले तरी संपत नाहीत. प्लाझ्मा संपतो. म्हणून माहिती सढळ हातानं वाटतात आणि कुपी मात्र समितीनं मोजून द्यायची असते, कोण मागतंय, कशासाठी, किती थेंब लागणार हे बघून. दुसऱ्या संस्थेला जाताना लेखी करार होतो, परदेशी भागीदार असेल तर दिल्लीत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगी लागते. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात हे सगळं आहे, आणि पुढे कुणी त्यातनं व्यापारी फायदा कमावला तर त्याचं काय, हा मुद्दाही आहे.

कोरा चेक म्हणालात ते काही फॉर्मबाबत खरंच आहे, मी उगाच बाजू घेत नाही. दोन ओळींत "सर्व संशोधनास संमती" लिहून अंगठा घेणारे फॉर्म मी डोळ्यांनी पाहिलेत, आमच्याच लॅबमधनं गेलेत, आणि तेव्हा मीही काही बोलले नाही. चांगल्या फॉर्मवर वेगवेगळ्या चौकटी असतात: फक्त याच अभ्यासाला, डिमेन्शियाच्या पुढच्या अभ्यासांनाही, कुठल्याही आजाराला, डीएनए काढायला हो की नाही, परत फोन करायला हो की नाही. अशा चौकटी नसतील तर हातानं लिहा आणि सही करा, "फक्त मेंदूच्या आजारांसाठी" असं. स्वीकारतील नाहीतर सॅम्पल घेणार नाहीत, दोन्ही चालेल. सही केलेल्या फॉर्मची एक प्रत आणि अभ्यासावर लक्ष ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीचा फोन नंबर घेतल्याशिवाय उठू नका. मन बदललं तर परत मागता येतं, उरलेल्या कुप्या नष्ट करा म्हणता येतं, पण कोडची यादीच फाडून टाकली असेल तर तुमची कुपी कुठली हे कुणालाच सांगता येणार नाही, आणि छापून झालेल्या निष्कर्षातनं तुमचा आकडा बाहेर काढता येत नाही. हे सही करायच्या आधी विचारायचं, नंतर नाही.

आणि तुमच्याकडनं एक रुपयाही घ्यायचा नसतो. रिक्षाभाडं त्यांनी द्यायचं.

बाबांना आता काही समजत नाही. त्यांच्या वतीनं मी सही केली तर चालेल का? धाकटा भाऊ म्हणतो, ज्याला कळत नाही त्याचं रक्त घेणं म्हणजे चोरी. (सिडको)

भाऊ अगदीच चुकीचं बोलत नाही. कायद्यानं ज्याला प्रतिनिधी म्हणता येईल अशा जवळच्या माणसाची सही चालते. पण सही तुमची झाली तरी होकार बाबांचाही घ्यायचा असतो, त्यांना जेवढं कळेल तेवढ्या भाषेत. "बाबा, थोडं रक्त घेतायत, अभ्यासाला, देऊ या का?" एवढंच. मान हलवली तर ठीक. हात मागे घेतला, तोंड फिरवलं तर तो नकार समजायचा, मग तुमची सही असो नाहीतर कलेक्टरची.

आमच्या सासूबाईंचं सांगते. सुरुवातीच्या काळात, जेव्हा त्या अजून पेपर वाचायच्या, तेव्हा त्यांनी स्वतः सही केली होती, दरवर्षी रक्त द्यायचं अशी. तिसऱ्या वर्षी रक्त घेणारी मुलगी सुई घेऊन आली तर सासूबाईंनी तिचा हात घट्ट धरून ठेवला आणि म्हणाल्या, आज नको गं. मला वाटलं होतं समजावून घेऊ, मी लॅबवाली ना, पाच मिनिटांचं काम. पण ती मुलगी, पंचविशीची असेल, तिनं सुई ट्रेमध्ये ठेवली, रजिस्टरला "नकार" लिहिलं, चहा प्यायली आणि गेली. त्यांचं त्या वर्षीचं सॅम्पल नाहीये, तिथे रिकामी जागा आहे. मला त्या मुलीचं नाव आठवत नाही याचं वाईट वाटतं.

तुम्हा भावांना एवढंच सुचवते की बाबा पूर्वी कसे होते ते आठवा. रक्तदान करणारे होते का, लोकांच्या उपयोगी पडायची हौस होती का, की दवाखान्याचं नाव काढलं तरी चिडायचे? प्रश्न तुम्हाला काय वाटतं याचा नाहीये, त्यांना काय वाटलं असतं याचा आहे. आणि ज्यांच्या घरात आजार नुकताच सुरू झालाय त्यांनी आत्ताच विचारून लिहून ठेवा, दोन वर्षांनी उशीर होतो.

आमच्या आत्यांनी मेंदूदान करायचं ठरवलंय. घरात वाद, कारण मेंदू काढल्यावर अग्नी देता येतो का, रामकुंडावर अस्थी विसर्जन करता येतं का? (पंचवटी)

येतं. देहदानात पूर्ण देह जातो, मेंदूदानात फक्त मेंदू, बाकी देह घरच्यांना परत मिळतो. काप डोक्याच्या मागच्या बाजूनं घेतात, चेहऱ्याला काही होत नाही, दर्शनाला ठेवला तरी कळत नाही. मग अमरधाम, अस्थी, दहावा, सगळं नेहमीसारखं. आमच्या ओळखीच्या एका गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, कावळा मेंदू मोजत नाही. मला तरी हे उत्तर पुरलं.

अडचण धर्माची नाही, अंतराची आहे. बंगलोरला निम्हान्स या मेंदू-मनाच्या आजारांच्या संस्थेत १९९५ पासून ब्रेन बँक आहे, पण मेंदू मृत्यूनंतर काही तासांत काढावा लागतो, नाशिकहून नुसती इच्छा लिहून भागत नाही. कोण काढणार, कसा पोचवणार हे त्यांच्याशी आधी बोलून ठरवा, जमणार नसेल तर आत्यांना तसं स्पष्ट सांगा, जिवंतपणी रक्त देणं हाही पर्याय आहेच. जपून ठेवलेल्या मेंदूचं मोल किती टिकतं बघा. डॉक्टर अल्झायमरनी १९०१ मध्ये फ्रँकफर्टला जी बाई पहिल्यांदा तपासली, ऑगस्टे डेटर, ती १९०६ ला गेली. तिच्या मेंदूच्या काचपट्ट्या म्युनिकमध्ये कपाटात पडून होत्या, नव्वदच्या दशकात सापडल्या, आणि त्यातनं तिचा एपीओई जीन, ज्याच्या प्रकारावर अल्झायमरचा धोका कमी-जास्त होतो, तो कुठल्या प्रकारचा ते नव्वद वर्षांनी वाचता आलं. तिला कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न मला दरवेळी पडतो. तुमच्या आत्यांना कुणी विचारायची गरज पडली नाही, त्यांनीच सांगितलं.

मी २४ वर्षांची. आजीला अल्झायमर आहे. ऑनलाइन लाळ पाठवून जीन टेस्ट करू का? (गंगापूर रोड)

नको गं बाळा. धोका वाढवणारा एपीओई-४ निघाला तरी आजार होईलच असं नाही, नाही निघाला तरी होणारच नाही असंही नाही, आणि २४ व्या वर्षी तो कागद हातात घेऊन तू करणार काय? अगदीच चैन पडत नसेल तर आधी जेनेटिक काउन्सेलरशी बोल.

रक्त द्यायला उपाशी जायचं का? चहा चालतो का? आमचे हे चहाशिवाय उठत नाहीत. (सातपूर)

प्रत्येक अभ्यासाचं वेगळं असतं, आदल्या दिवशी फोन करून विचारा. उपाशी सांगितलं असेल तर खरंच उपाशी जा, आणि चुकून घोटभर प्यायले असतील तर लपवू नका, वेळ सांगा, ते लिहून घेतात. पाणी मात्र भरपूर प्यायला लावा, नाहीतर म्हातारपणी शीर सापडत नाही आणि टोचणारीचा जीव मेटाकुटीला येतो.